पानं किती?

अण्णा लॅबच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा माझ्या संगणकाच्या पडद्यावर एक हा आकडा खाली खाली धावत सुटला होता. एक, त्याच्याखाली एक, त्याच्याखाली पुन्हा एक. हवे होते एक ते वीस. मी हाताला येईल ती कळ दाबत होते आणि यंत्र माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

"कुंदे," अण्णा दारातूनच म्हणाले, "चल लवकर. बारामतीची मंडळी येऊन बसलीत."

सगळ्या लॅबनं माना वळवल्या. अण्णांनी नियमाप्रमाणे चपला बाहेर काढल्या होत्या. खांद्यावर उपरणं, पैरणीवर हळदीचा डाग, आणि त्यांच्याबरोबर लॅबच्या थंड हवेत शिरलेला तळणीचा वास. ते थेट मंगल कार्यालयातून आले होते, कुणाच्या तरी साखरपुड्याचा स्वयंपाक हाताखालच्या माणसांवर टाकून. काम चालू असताना अण्णांना कुणी हाक मारलेलीही खपायची नाही. त्यावरूनच हे स्थळ त्यांच्या किती मनात भरलंय ते मला कळलं.

अण्णा म्हणजे माझे वडील, महादेव खडके, फलटणचे लग्नाकार्याचे आचारी. त्यांच्या धंद्याची एक रीत सगळ्या तालुक्याला माहीत होती. सुपारी द्यायला कुणीही येवो, पाणी विचारायच्या आधी अण्णा विचारायचे, "पानं किती?" म्हणजे जेवायला माणसं किती. मुहूर्त, पक्वान्न, मठ्ठा की ताक, हे सगळं मागाहून. "येतील तेवढे येतील, अण्णा," असं कुणी म्हणालं की ते म्हणायचे, "मग आल्यावर मला बोलवा." एका बड्या माणसाला त्यांनी असं परत पाठवलं होतं. तो घरी जाऊन बायकोशी भांडून आकडा घेऊन आला, तेव्हा कुठे अण्णांनी सुपारी घेतली.

बारावीनंतर मी तंत्रनिकेतनात संगणकाच्या पदविकेला जायचं म्हटलं, तेव्हा हेच अण्णा नाही म्हणाले नाहीत. माझं कुठलंच मागणं त्यांनी कधी मोडलं नव्हतं. फक्त म्हणाले, "चांगलं स्थळ येईतोवर शीक." त्या वेळी मला ते बोलणं इतकं गोड वाटलं की मी त्यांच्या पाया पडले. मग हळूहळू त्यातली मेख कळायला लागली. स्थळ उद्याही येईल, नाहीतर वर्षानंही येईल. आत्या बारामतीत बसून स्थळं हुडकत होती. तिचा फोन शेजाऱ्यांकडे आला की मी पुस्तक मिटून कान देऊन बसायचे. दोनदा मला तासावरून उठवून, साडी नेसवून पाहुण्यांपुढं बसवलं होतं. दोन्हीकडं जमलं नाही, म्हणून मी अजून कॉलेजात होते. वरच्या वर्गातली एक मुलगी तिची दुसऱ्या वर्षाची पुस्तकं मला देणार होती. तिला मी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणवत नव्हतं. ताटावरून कधी उठवतील ते ठाऊक नसलं की घास तोंडात फिरतो, तसं माझ्या अभ्यासाचं झालं होतं.

आणि आज पहिल्या वर्षाची शेवटची प्रात्यक्षिक चाचणी. ती बुडाली की वर्ष बुडालं, आणि वर्ष बुडालेल्या मुलीला पुन्हा वर्गात कोण बसवतंय. लग्न जमो न जमो, माझं शिक्षण आज संपणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

चाचणी घेत होत्या नेर्लेकर मॅडम. अंगानं काडी, लॅबमधल्या गारव्यापायी साडीवर बारमाही स्वेटर, आणि जिभेला धार. आम्हा सगळ्यांना त्या आडनावानं हाक मारायच्या. कुणी चुकलं तर रागवायच्या नाहीत, नुसतं असं काहीतरी बोलायच्या की रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटायचं. त्या उठून दाराशी गेल्या.

"तुम्ही खडकेचे वडील?"

"व्हय मॅडम. जरा लेकीला सोडता का? मोठी माणसं हायेत, खोळंबलीत."

"माझीही खोळंबलीत," मॅडम रांगेतल्या मुलामुलींकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तिचा नंबर आधी घेते. झालं की न्या. या, बसा आत."

पालक आले तर मॅडम त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायच्या. अण्णांना मात्र त्यांनी एक स्टूल ओढून दिलं, तेही माझ्या यंत्राशेजारीच. अण्णा स्टुलाच्या कडेवर अंग चोरून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते अशा जागी आले होते जिथं त्यांना काय करायचं ते कळत नव्हतं. हात कुठं ठेवावेत म्हणून त्यांनी उपरण्याचं टोक धरून ठेवलं.

आमच्याकडे तोंडी परीक्षा इंग्रजीत व्हायची. त्या बाबतीत मॅडम फार कडक. एखादा मराठीत घसरला तर त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या, तो इंग्रजीत परत येईतो. आम्ही सगळे उत्तरं घोकून यायचो. माझं इंग्रजी तर पहिल्यापासून अडखळतच. त्या दिवशी मॅडम माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि मराठीत बोलायला लागल्या. तेही नेहमीपेक्षा मोठ्यानं.

"खडके, हे एक, एक, एक काय लावलंय?"

मागच्या बाकावर खसखस पिकली. हिला इंग्रजी येत नाही म्हणून मॅडमनी सूट दिली, असाच अर्थ सगळ्यांनी घेतला. मीही तोच घेतला. लाजेनं माझे कान तापले. मी घाईघाईनं घोकलेलं इंग्रजी उत्तर म्हणायला लागले. मॅडमनी हात वर केला.

"तसं नको. वडील काय करतात तुझे?"

"आचारी आहेत."

"मग आचाऱ्याला कळेल असं सांग."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी पडद्याकडे बघून सांगायला लागले, कारण त्यांच्याकडे बघून मला बोलणं सुचलं नसतं. म्हटलं, ही पंगत आहे. वीस पानं मांडलीत. यंत्र म्हणजे वाढपी. त्याला मी व्हाईल नावाचा हुकूम दिलाय, की पंगत संपत नाही तोवर वाढत राहा. एवढं तोंडातून बाहेर पडलं आणि माझी मलाच चूक दिसली.

"एक वाढलं की पुढच्या पानाशी सरक, हे सांगायचं राहिलंय," मी म्हणाले. "म्हणून तो पहिल्याच पानाशी उभा राहून वाढतोय. पंगत कधी संपायचीच नाही."

अण्णा खुदकन हसले. "नवा वाढपी असाच," ते मॅडमना म्हणाले. "पहिल्या पाव्हण्याच्या पानात भाताचा डोंगर, आन शेवटचा बसलाय पाण्याकडं बघत."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांची मान जराशी हलली. मी यंत्र बंद करून चालू केलं, सरकायची ओळ घातली. एक ते वीस आकडे शहाण्यासारखे खाली उतरले. अण्णांनी ते ओठ हलवत वाचले.

"आता ह्याच व्हाईलचं फॉर कर," मॅडम म्हणाल्या.

फॉर हा दुसरा हुकूम. काम तेच, सांगायची तऱ्हा वेगळी. कुठल्या पानापासून सुरू करायचं, कुठल्या पानापर्यंत जायचं आणि दर वेळी किती पुढं सरकायचं, हे तिन्ही पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं आणि मगच वाढायला लागायचं. मी वरची ओळ नीट लिहिली. खालचं सगळं होतं तसंच ठेवलं. चालवून पाहिलं तर आकडे आले एक, तीन, पाच, सात.

अण्णा स्टुलावरून पुढं वाकले. आता ते अंग चोरून बसले नव्हते. "एकाआड एक पान उपाशी ऱ्हायलं की गं," ते म्हणाले. भर लग्नात खरोखरच तसं झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"का राहिलं?" मॅडमनी मला विचारलं.

मी वरून खाली वाचत आले. सरकायचा हुकूम वरच्या ओळीत दिला होताच, आणि व्हाईलमधला जुनाही खाली तसाच राहिला होता. वाढप्याला दोघांनी मिळून पुढं ढकललं होतं. खालची ओळ पुसली आणि सगळी पानं भरली. मला इतकं बरं वाटलं की बारामतीच्या मंडळींचा मला क्षणभर विसर पडला.

"दोन्ही तऱ्हांनी पंगत जेवली," मॅडम म्हणाल्या. "मग फॉर पाहिजेच कशाला?"

हे पुस्तकात होतं, पण मी पुस्तकातलं सांगितलं नाही. म्हटलं, व्हाईलमध्ये सुरुवात एकीकडं, शेवट दुसरीकडं, सरकायचं तिसरीकडं, त्यामुळं काहीतरी विसरतं आणि फसगत होते. फॉरमध्ये सगळं आधीच बोलून घेतलेलं असतं. "आमचे अण्णा सुपारी घेताना घेतात तसं," मी म्हणाले. "पानं किती ते कळल्याशिवाय ते भट्टी पेटवत नाहीत."

"काडी लावत न्हाई आपण," अण्णा म्हणाले. उपरणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"बरोबर." मॅडमनी स्वेटरची बाही मागे सारली. "शेवटचा प्रश्न. फेरे किती होणार ते आधी ठरलेलंच नाही, असं एखादं व्हाईल सांग."

ह्याचं उत्तर सगळ्या वर्गाला तोंडपाठ होतं. वापरणारा शून्य दाबेपर्यंत आकडे घेत राहायचे. मलाही पाठ होतं. पण आदल्या रात्री ते घोकताना मनात दुसरंच घोळत होतं आणि तेच ओठांवर आलं.

"माझं शिक्षण," मी म्हणाले.

मागच्या बाकावरची मुलं पुढं वाकली.

"स्थळ येईतोवर चालायचं," मी सांगितलं. "किती वर्षं ते ठरलेलं नाही."

मी अण्णांना टोमणा मारला असं वाटेल कुणाला. देवाशप्पथ तसं नव्हतं. मला विचारलं होतं आणि माझ्याजवळ तेवढं एकच खरं उदाहरण होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही आणि अण्णांकडेही नाही.

"उदाहरण बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पास. जा आता."

मी उठले. अण्णा उठले नाहीत. पडद्यावरचे आकडे वर-खाली बघत राहिले. मग घसा खाकरून त्यांनी सुपारी घेतानाच्या आवाजात विचारलं, "मॅडम, हिची पानं किती?"

"एक वर्ष झालं. दोन राहिलीत."

"दोनच?"

"दोनच. तीन वर्षांची पदविका असते."

"मला वाटलं, ह्याला अंतच नसतो," अण्णा म्हणाले. त्यांनी मॅडमना हात जोडले आणि बाहेर जाऊन चपला घातल्या.

गाडीवर मी मागं बसले होते. अण्णा वाटेतल्या कार्यालयाकडंही न बघता गाडी हाकत होते. ते रागावलेत की काय, ह्या विचारानं मला रडू येत होतं. चारचौघांत बापाची अब्रू काढली असं त्यांना वाटलं असलं तर काय करायचं, हेच डोक्यात. घरी आईनं साडी काढूनच ठेवली होती. मी नेसले, शिऱ्याच्या बश्या बाहेर नेल्या, खाली मान घालून बसले.

माणसं चांगली होती, उगाच नाव कशाला ठेवू. मुलगा गरीब स्वभावाचा वाटला, शिरा त्यानं दोनदा मागून घेतला. त्याच्या वडिलांनी मला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि कॉम्प्युटर म्हटल्यावर वा वा केलं. मग अण्णांकडे वळून म्हणाले, मुलगी पसंत आहे, ह्याच वैशाखात उरकून टाकू, पुढचं शिक्षण वगैरे आमच्याकडं गरज नाही. पाहुण्यांबरोबर आलेल्या आत्यानं आतूनच देवाला हात जोडलेले मला दिसले. माझ्या मनात आलं, आज दुपारी शिकलेलं फॉर शेवटचंच.

"दोन वर्षांनी करू," अण्णा म्हणाले.

पाहुण्यांना आधी चेष्टा वाटली. "अहो, दोन वर्षं कोण थांबतं?"

"ज्याला घाई आसंल त्यानं खुशाल दुसऱ्या पंगतीला बसावं," अण्णा शांतपणे म्हणाले. "ही पंगत मी मांडलीया. पानं ठरलीत. शेवटचं पान जेवल्याबिगर मी कुणाला उठू देत न्हाई, आन कुणी उठवलेलंबी चालवून घेत न्हाई."

मंडळी वैशाखाच्याच घाईत होती, स्थळ मोडलं. तरी अण्णांनी त्यांना पोटभर जेवू घालूनच वाटेला लावलं. आत्या रागानं त्यांच्याबरोबरच एसटीनं निघून गेली आणि पुढं बरेच दिवस आमच्याशी बोलली नाही. पाहुणे गेल्यावर मी अण्णांपाशी गेले. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "मला कुणी इचारलंच न्हवतं गं, पानं किती म्हणून. मी आख्ख्या तालुक्याला इचारत हिंडलो." दुसऱ्या दिवशी मी त्या वरच्या वर्गातल्या मुलीकडे जाऊन तिची सगळी पुस्तकं उचलून आणली. तिसऱ्या वर्षाचीही आधीच मागून ठेवली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत आमच्या घरी एकही पाहुणा शिरा खायला आला नाही. मन लावून अभ्यास करणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पुढं नोकरी लागली, लग्नही झालं, तेही माझ्या पसंतीनं. आज पुण्यात माझ्या हाताखाली नवी मुलं येतात. त्यांच्यातलं कुणी फॉरमध्ये आय प्लस प्लस, म्हणजे तो सरकायचा हुकूम, दोनदा लिहून ठेवतं, आणि मला त्याला बोलायच्या आधी अण्णांचा तो उपाशी पानांवरून उतरलेला चेहरा आठवतो. मी ज्या दोन माणसांच्या जिवावर इथवर आले, ती दोघं एकमेकांना आयुष्यात दोनदाच भेटली. पहिली भेट सांगितली. दुसरी शेवटच्या वर्षाच्या निकालानंतरची.

निकाल घेऊन मी घरी गेले तेव्हा अण्णांनी गुण विचारले नाहीत. "तुझ्या त्या कॉम्प्युटरवाल्यांकडं माणसं किती?" असं विचारलं. शिक्षक, लॅबचे मदतनीस, आमचा सगळा वर्ग, असा आकडा मी मोजून दिला. रविवारी कॉलेजातल्या आमच्या इमारतीच्या व्हरांड्यात केळीच्या पानांची पंगत बसली. अण्णांनी वाढपी आणले नाहीत. आम्ही दोघांनीच वाढलं.

मॅडमच्या पानावर मी मीठ वाढत होते. त्या रविवारीही स्वेटर घालूनच आल्या होत्या. इतक्या दिवसांची मनातली गोष्ट मी तेव्हा विचारून टाकली. म्हटलं, मॅडम, माझं इंग्रजी कच्चं म्हणून तुम्ही त्या दिवशी मराठीत परीक्षा घेतलीत, ते मला फार लागलं होतं. पण तुमच्या त्या दयेनंच माझं भलं झालं.

"दया?" मॅडमनी लिंबाची फोड बाजूला सारली. "तुझं इंग्रजी चालण्यासारखं होतं. आधी दोनदा तुला तासावरून उठवून नेलं, तेव्हाच मी ठरवलं होतं, वडील स्वतः न्यायला आले की त्यांना आत बसवायचं. ती तोंडी तुझी नव्हती, कुंदा."

आडनाव सोडून त्यांनी पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. मिठाचं भांडं घेऊन मी तशीच वाकून राहिले.  पलीकडच्या टोकाकडून अण्णा जिलबीची परात घेऊन येत होते. त्यांच्या परीक्षेत ते पास झाले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

अण्णा मॅडमच्या पानाशी आले. जिलब्या वाढल्या. मॅडम म्हणाल्या, पुरे. अण्णांनी आणखी वाढल्या. मॅडमनी पानावर आडवा हात धरला.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "हितल्या सगळ्यांची पानं मोजून स्वयंपाक केलाय. तुमचं मोजलं न्हाई."

"मग मी पुरे म्हणेपर्यंत वाढणार?"

"पुरे म्हणला तरी."

त्यांनी मॅडमच्या हाताच्या कडेनं हळूच आणखी एक जिलबी पानात सरकवली. मॅडमनी असहाय होऊन माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा मोकळं हसताना बघत होते.

"कुंदा, तुझे वडील अडकलेत. काहीतरी कर."

"अण्णा," मी म्हणाले, "आता पुढच्या पानाशी सरका."

अण्णा जागचे हलले नाहीत.